वाचकाची प्रतिक्रिया आणि तिचे कारण : हिरोशिमाविषयक एक कादंबरी व दोन मांगा

नुकतेच पुस्तक वाचून मिटलेल्या वाचकाला ते कसे वाटले असे विचारले असता तो जे पहिले वाक्य उच्चारतो, त्याला समीक्षाव्यवहारात फारशी प्रतिष्ठा नाही. कृती काय आहे आणि ती वाचकावर काय परिणाम घडविते, या दोन प्रश्नांची गल्लत करू नये, असे विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४९ साली बजावले. तेव्हापासून ‘मला रडू आले’, ‘मला पुस्तक खाली ठेवावे लागले’ यांसारखी विधाने विद्यापीठीय लेखनातून जवळजवळ हद्दपार झाली आहेत. ही शिस्त बहुतांशी हितकर होती. परंतु कृतीचा विषय प्रत्यक्ष घडलेला संहार असेल, तर ती तितकीशी पुरेशी ठरत नाही. तेथे वाचक केवळ आस्वादक नसतो; मृतांसमोर उभा राहिलेला तो एक माणूसही असतो, आणि आपल्याला काय वाटले याचा जाब त्याला स्वतःलाच द्यावा लागतो. प्रतिक्रिया ग्राह्य की अग्राह्य, हा प्रश्न म्हणून येथे गौण होय. वाचक आपल्या प्रतिक्रियेचे जे कारण सांगतो ते कृतीत खरोखर सापडते काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

या दृष्टीने तीन जपानी कृती एकापाठोपाठ वाचण्याजोग्या आहेत. पहिली मासुजी इबुसे यांची ‘कुरोइ आमे’, म्हणजे ‘काळा पाऊस’, ही कादंबरी. ती १९६५-६६ मध्ये ‘शिन्चो’ मासिकातून क्रमशः आली आणि १९६६ साली ग्रंथरूप झाली. दुसरी केइजी नाकाझावा यांची ‘हादाशी नो गेन’, म्हणजे ‘अनवाणी गेन’, ही दहा खंडांची मांगा. तिचा आरंभ १९७३ साली ‘शोनेन जंप’ या मुलांच्या साप्ताहिकात झाला. तिसरी फुमियो कोनो यांची २००४ साली पुस्तकरूपाने आलेली छोटी मांगा ‘यूनागी नो माची, साकुरा नो कुनी’. ‘मांगा’ या शब्दाने येथे चौकटीचौकटींतून पुढे सरकणारी जपानी चित्रकथा अभिप्रेत आहे. तिच्यात विनोदापासून शोकापर्यंत सर्व प्रकृतीचे लेखन होते, हे ध्यानात ठेवले म्हणजे ‘मुलांची चित्रे’ हा पूर्वग्रह आड येत नाही.

इबुसे आणि नाकाझावा लागोपाठ वाचणाऱ्या वाचकाची प्रतिक्रिया बहुधा ठरावीक वळणाने जाते. कादंबरी वाचून झाल्यावर तो शांत असतो. एक प्रकारचे ओझे जाणवते, पण अश्रू येत नाहीत. मांगा वाचताना मात्र तो मध्येच थांबतो, संतापतो, एखादे पान पुन्हा उघडण्याचे टाळतो. या अनुभवाचे स्पष्टीकरणही त्याच्याजवळ तयार असते : कादंबरीकाराने अनुभवाला कलेचे रूप दिले म्हणून ती संयत झाली, मांगाकाराने स्वतः पाहिलेले जसेच्या तसे समोर ठेवले म्हणून ती दाहक झाली. एका बाजूला कला, दुसऱ्या बाजूला साक्ष. अनुभव खरा आहे, यात शंका नाही. स्पष्टीकरण मात्र तपासून घ्यावयास हवे.

‘काळा पाऊस’चे कथानक वरवर पाहता एका स्थळ जमविण्याचे आहे. मालिकेच्या आरंभी तिचे नावही ‘भाचीचे लग्न’ अशाच अर्थाचे होते. कोबाताके या खेड्यातील शिगेमात्सु आणि त्याची पत्नी शिगेको यांच्या घरी वाढलेली भाची यासुको हिचे लग्न जमत नाही, कारण स्फोटाच्या दिवशी ती हिरोशिमात होती अशी वदंता गावात पसरली आहे. ती खोटी ठरविण्यासाठी शिगेमात्सु तिची त्या दिवसांतली रोजनिशी मध्यस्थाकडे धाडावयाचे ठरवितो आणि तिची नक्कल करू लागतो. पुढे स्वतःची रोजनिशीही उतरवू लागतो. पेनाची शाई काळाने फिकट पडते म्हणून तो कुंचला घेतो. नक्कल करता करता काळ्या पावसाचा मजकूर येतो. यासुकोच्या अंगावर तो पाऊस पडला होता. एवढा भाग गाळावा काय?

वाचकाला जाणवलेल्या त्या ओझ्याचे मूळ या प्रसंगात आहे. वाचक इतका वेळ नक्कल करणाऱ्याच्या खांद्यावरून वाचत आलेला असतो आणि यासुकोचे लग्न जमावे, असे त्यालाही वाटू लागलेले असते. मजकूर गाळला तर बरे, असा विचार क्षणभर त्याच्याही मनात येतो. म्हणजे ज्या समाजाला पीडितांचे दुखणे नको आहे, त्या समाजात वाचकही नकळत जाऊन बसतो. पुढे यासुको खरोखरच आजारी पडते आणि आपली लक्षणे तिने लपविली होती असे उघड होते, तेव्हा वाचकाला रडता येत नाही. आपणही लपविण्याच्या बाजूचे होतो, ही जाणीव आड येते. ‘संयत’ हे विशेषण या अनुभवाला फारच सौम्य आहे.

हा संयम कोणाचा, हाही प्रश्न आहेच. कादंबरीतील शिझुमा शिगेमात्सु या नावामागे शिगेमात्सु शिझुमा ही प्रत्यक्षातील व्यक्ती आहे, आणि तिच्या रोजनिशीचा इबुसे यांनी विपुल उपयोग केला आहे. मूळ रोजनिशी २००१ साली प्रसिद्ध झाली. इवाताके या वैद्याच्या अनुभवांचाही कादंबरीत असाच समावेश आहे. अर्थात ज्या कोरड्या, नोंद करीत जाणाऱ्या निवेदनाला वाचक ‘कादंबरीकाराची कला’ म्हणतो, त्याचा बराचसा भाग मुळात साक्षीदारांचा आहे. कारखान्याच्या व्यवस्थापकाच्या सांगण्यावरून शिगेमात्सु, भिक्षू नसतानाही, बौद्ध पाठ उतरवून आणतो आणि प्रेतांसमोर वाचतो. वृत्तीने तो लेखनिक आहे. शोकही तो उतरवून काढतो. इबुसे यांची कला रोजनिशीच्या वाक्यांपेक्षा तिच्या अवतीभवती त्यांनी उभ्या केलेल्या लग्नाच्या बोलण्यांत अधिक शोधावी लागते. त्या चौकटीमुळेच साध्या नोंदींना प्रत्येक पानागणिक नवा धोका प्राप्त होतो.

‘अनवाणी गेन’च्या बाबतीत याच्या उलट घडते. नाकाझावा १९३९ साली हिरोशिमात जन्मले. स्फोटाच्या वेळी ते सहा वर्षांचे होते आणि शाळेच्या भिंतीच्या आडोशामुळे वाचले. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ कोसळलेल्या घराखाली सापडून मरण पावले. आईने त्याच दिवशी एका मुलीला जन्म दिला. १९६६ साली आईच्या दहनानंतर तिची हाडेही हाती लागली नाहीत, या संतापातून ते या विषयाकडे वळले. मांगातील सर्वांत असह्य प्रसंग म्हणजे तुळयांखाली अडकलेले वडील, जवळ येणारी आग, आणि त्यांना सोडून जावे लागणारा गेन. वाचक तो प्रसंग प्रत्यक्षदर्शीचे निवेदन म्हणून स्वीकारतो. परंतु स्वतः नाकाझावा त्या वेळी तेथे नव्हते. वडिलांचा मृत्यू त्यांनी आईच्या तोंडून ऐकला. गेनला त्यांनी तेथे उभा केला आहे. ज्या पानाला वाचक ‘जसेच्या तसे’ म्हणतो, ते पान सर्वांत जाणीवपूर्वक रचलेले आहे.

याचा अर्थ पान खोटे आहे असा नव्हे. मुलाने आईकडून जे ऐकले, ते पाहण्याची त्याची उरलेली गरज त्यात आहे. पण त्यामुळे वाचकाचे वर्गीकरण उलटे होते : कादंबरीत साक्ष अधिक, मांगात रचना अधिक. ही रचना कशी काम करते तेही पाहण्यासारखे आहे. गेनचे रेखाटन मुलांच्या साप्ताहिकाच्या रीतीचे आहे. वाटोळा चेहरा, मोठे डोळे, मारामाऱ्या, गाणी, आचरट विनोद हे सर्व त्यात आहे. वाचकाला या रेषेची सवय होते, तिच्यावर तो विश्वास टाकतो. आणि मग त्याच रेषेने गळून लोंबणारी कातडी काढली जाते. वास्तववादी चित्रशैली असती तर वाचक पहिल्या पानापासून सावध राहिला असता. येथे तो बेसावध पकडला जातो. भावनेचा भडकपणा या मांगात आहे, पुढील खंडांत पुनरुक्तीही आहे, आणि काही खलपात्रे केवळ ओरडण्यापुरती येतात. हे दोष कबूल करूनही त्या रेषेचे सामर्थ्य नाकारता येत नाही.

दोन्ही कृतींत कार्प मासे आले आहेत, ही गोष्ट तुलनेला फार उपयोगी पडते. ‘काळ्या पावसा’त किरणोत्सर्गाने आजारी झालेल्या शिगेमात्सु आणि त्याच्या सोबत्यांना वैद्याने हलकेच काम सांगितले आहे. ते तळ्याकाठी मासे धरत बसतात, आणि गावातील एक बाई त्यांना टोमणा मारते : सारे गाव कामात बुडाले असता यांना बरे सुचते! मग आपण निरुद्योगी नाही हे दाखविण्यासाठी ते कार्पची पिल्ले वाढवू लागतात. ‘गेन’मध्ये आईच्या अंगात शक्ती यावी म्हणून गेन एका श्रीमंताच्या तळ्यातील कार्प चोरावयास जातो. एका ठिकाणी आजाऱ्याने आपला आजार खरा असल्याचे सिद्ध करावे लागते, दुसऱ्या ठिकाणी भूक नियमाला जुमानत नाही. पहिला प्रसंग वाचून वाचक किंचित हसतो आणि मागाहून शरमतो. दुसरा वाचताना तो चोराच्या बाजूने धावतो. गंभीर कादंबरी आणि लोकप्रिय चित्रकथा अशी श्रेणी लावून या दोन प्रतिक्रियांतील फरक स्पष्ट होत नाही. वाचकाला कोठे उभे केले आहे, यावर तो अवलंबून आहे.

संस्कृत काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला येथे अभिनवगुप्ताची रसविघ्ने आठवतील. स्वतःच्याच सुखदुःखाने विवश होणे हे त्यांपैकी एक. विशिष्ट देशकालात अडकून पडणे हे दुसरे. पहिले विघ्न वरील वाचकाला चांगलेच लागू पडते. ‘मला किती वाईट वाटले’ याकडे लक्ष वळले की यासुको आणि गेन दोघेही दृष्टीआड होतात. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र हे शास्त्र अपुरे पडते असे म्हणावे लागते. साधारणीकरणासाठी देशकालाची विशेषणे गळून पडावयास हवीत. पण ६ ऑगस्ट १९४५ ची सकाळ आणि हिरोशिमा हे गाव गळून पडले तर उरते ते ‘युद्ध वाईट’ एवढेच, आणि तेवढ्यासाठी या कृतींची गरज नाही. नाकाझावांच्या मांगात कोरियन शेजारी पाक याला मिळणारी वागणूक, युद्धाला विरोध करणाऱ्या गेनच्या बापाचा शेजाऱ्यांनी केलेला छळ, हे सारे त्या देशकालाला घट्ट धरून आहे. करुण रसाच्या नावाखाली ते पातळ करता येणार नाही.

कोनो यांची मांगा या चर्चेत उशिरा येते, तशी ती काळानेही उशिराची आहे. कोनो १९६८ साली हिरोशिमात जन्मल्या; स्फोट त्यांनी पाहिलेला नाही. पहिल्या कथेतील मिनामी ही १९५५ साली, दहा वर्षांनंतर, किरणोत्सर्गाच्या आजाराने मरते. तिची दृष्टी जाते तेव्हा चौकटी पांढऱ्या होतात. चित्र नाही, फक्त तिच्या मनातील शब्द. चित्रकथेने चित्रच काढून घ्यावे, यात चमत्कृतीचा धोका होता. कोनो तो टाळतात, कारण चौकटी रिकाम्या होण्याआधीच वाचक मिनामीच्या डोळ्यांनी पाहू लागलेला असतो. येथे संताप उसळत नाही, ओझेही नाही. वाचक पान पुन्हा पुन्हा पाहतो आणि तेथे पाहण्यासारखे काहीच नसते. पुढच्या कथेत तिच्या भावाच्या मुलांची पिढी येते, आणि लग्नाच्या बाबतीत घरच्यांचा विरोध २००४ सालीही संपलेला नसतो. इबुसे यांच्या मालिकेचे मूळ नाव येथे सहजच आठवते.

प्रतिक्रियेचे कारण चुकीचे सांगितले गेले म्हणजे काय होते, याची उदाहरणे जपानमध्येच घडली आहेत. मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने २०१२ च्या अखेरीस ‘अनवाणी गेन’ शालेय ग्रंथालयांत मुलांच्या हाती मोकळेपणाने देऊ नये असे कळविले. जपानी सैनिकांच्या अत्याचारांची चित्रे मुलांना सोसणार नाहीत, असे कारण देण्यात आले. मोठा विरोध झाल्यावर ऑगस्ट २०१३ मध्ये ती सूचना मागे घेण्यात आली. पुस्तक अस्वस्थ करते, ही प्रतिक्रिया मंडळाची आणि मुलांची एकच असू शकेल. पण मुलांची अस्वस्थता चित्रातील सैनिकाच्या कृत्याविषयी असते, मंडळाची ते कृत्य मुलांनी पाहिले याविषयी. २०२३ साली हिरोशिमा शहराच्या शिक्षण मंडळाने प्राथमिक शाळेच्या तिसरीच्या शांतता-शिक्षणाच्या साहित्यातून ‘गेन’मधील उतारे काढले. या वेळी कारण निराळे होते : आजच्या मुलांच्या जीवनाशी ते जुळत नाहीत आणि समजावून द्यावे लागतात. काढलेल्या उताऱ्यांत आईसाठी कार्प चोरण्याचा प्रसंगही होता. चोरी करणारा मुलगा चांगला कसा, असा प्रश्न तिसरीतील मूल विचारील, हे खरे. शिक्षकाला मग त्या तळ्याचा मालक कोण होता आणि गेनच्या घरी अन्न का नव्हते, हे सांगावे लागले असते.