‘दावा’ की मोजणी? : भूखंडमंचविषयक मराठी परिभाषेचा विचार

समुद्रतळावरील हक्कांविषयीचे मराठी लेखन पाहू गेल्यास दोन शब्द वारंवार आढळतात : ‘भूखंडमंच’ आणि ‘दावा’. पहिला भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांतून आला, दुसरा न्यायालयातून. दोन्ही परिचित आहेत, आणि परिचयामुळेच ते वाचकाची दिशाभूल करतात.

‘मंच’ म्हटले की सपाट, उथळ चौथरा डोळ्यांपुढे उभा राहतो. ‘समुद्रबूड जमीन’ हा पर्यायही किनाऱ्यालगतच्या उथळ भागापुरताच आहे. भूगोलात हा अर्थ योग्यच होय. कायद्याचा अर्थ मात्र तेथे थांबला नाही. १९५८ च्या जिनीव्हा कराराने २०० मीटर खोलीची मर्यादा सांगितली आणि तिच्यापुढेही साधनसंपत्ती काढता येईल तेथवर हक्क मानला. १९६९ साली उत्तर समुद्राच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने भूमीच्या ‘नैसर्गिक विस्तारा’चे तत्त्व मांडले. १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराने ७६ व्या अनुच्छेदात खंडान्त उतार व त्याच्या पायथ्याचा भागही या संज्ञेत घेतला. शिवाय समुद्रतळ कसाही असो, २०० सागरी मैलांपर्यंतचा हक्क सरसकट मान्य केला. एवढा आशय ‘मंच’ या शब्दात मावत नाही.

‘दावा’ या शब्दाचा दोष अधिक गंभीर आहे. ७७ व्या अनुच्छेदानुसार हा हक्क ताब्यावर अथवा घोषणेवर अवलंबून नसतो. तो किनारी राष्ट्राला स्वभावतःच प्राप्त असतो. २०० मैलांपलीकडे राष्ट्राने करावयाचे ते एवढेच : समुद्रतळाची पाहणी करून २१ सदस्यांच्या आयोगापुढे बाह्य सीमेची माहिती ठेवणे. भारताने ११ मे २००९ रोजी तसे निवेदन सादर केले. आयोगाच्या शिफारशींच्या आधारे आखलेली सीमा अंतिम ठरते. सावेडीसारख्या, समुद्रापासून दूर पठारावरील विद्यार्थ्यासही हा भेद परका नाही. बांधाच्या मोजणीसाठी अर्ज करणारा शेतकरी मालकीचा दावा लावीत नाही. जमीन त्याची असतेच, हद्द तेवढी निश्चित करून हवी असते.

या उपमेलाही मर्यादा आहे. येथे मोजणी राष्ट्र स्वतः करते. आयोग ती तपासतो. शेजारी राष्ट्रांतील वाद सोडविण्याचा अधिकार मात्र त्याला नाही. भारत व बांगलादेश यांच्यातील सागरी सीमा ७ जुलै २०१४ च्या लवादाच्या निवाड्याने ठरली. तेथे दोन पक्ष होते, परस्परविरोधी मागण्या होत्या. ‘दावा’ हा शब्द तेथे शोभतो. आयोगापुढील कार्यास तोच शब्द लावला म्हणजे असलेला हक्क नव्याने मागितला जात आहे, असा ग्रह होतो.

म्हणून आयोगापुढील कागदास ‘सीमानिवेदन’ आणि कायद्यातील संज्ञेस ‘खंडविस्तार’ म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. ‘भूखंडमंच’ भूगोलाकडे राहू द्यावा. ‘विस्तार’ या शब्दात भूमी समुद्राखालीही पुढे चालू राहते, हा कायद्याचा गाभा येतो. सीमा आखण्याच्या निकषांत समुद्रतळावर साचलेल्या गाळाची जाडीही धरली जाते. नगरजवळून वाहणाऱ्या सीनेचे पाणी भीमा व कृष्णा यांच्या वाटेने बंगालच्या उपसागरासच मिळते, हे ध्यानी घेतले म्हणजे पठारावरील वाचकासही हा विस्तार परक्या किनाऱ्याचा वाटणार नाही.