युटिलिटी सॉफ्टवेअरची समीक्षा : सॉफ्टवेअर गेल्यावर हाती काय उरते?



बेंगळुरूहून विमानतळाकडे जाताना हेब्बाळचा उड्डाणपूल लागतो. याच हेब्बाळमध्ये २०१८ साली खोदकाम चालू असताना एक वीरगळ सापडला. लढाईत कामी आलेल्या किट्टय्या नावाच्या वीराची नोंद त्यावर हळेगन्नड भाषेत कोरलेली आहे. लेख गंग राजा श्रीपुरुष याच्या काळातला, म्हणजे इसवी सन ७५० च्या सुमाराचा. साडेबाराशे वर्षांनी तो बाहेर आला आणि लिपी जाणणाऱ्यांनी तो वाचला. मिथिक सोसायटी ही बेंगळुरूमधील १९०९ पासूनची संस्था अशा शिलालेखांचे त्रिमितीय स्कॅनिंग करून ते जतन करते आहे.

आता दुसरे उदाहरण घ्या. घरात किंवा महाविद्यालयात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर टाईप केलेली एखादी मराठी फाईल असेल, तर ती आज उघडून पाहा. बऱ्याचदा पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाईल शाबूत असते, पण मजकूर वाचता येत नाही. असे का होते, आणि रोजच्या वापराची सॉफ्टवेअर निवडताना त्यातून काय शिकावे, हे या पाठात पाहू.

१. समीक्षेची कसोटी

युटिलिटी म्हणजे एखादे छोटे, नेमके काम करणारे सॉफ्टवेअर. टायपिंग, स्कॅनिंग, फाईल लहान करणे, संगणकाची साफसफाई ही अशी कामे. ‘उपयुक्त सॉफ्टवेअर’च्या याद्या पाहिल्या, तर त्यांत साधारण तीनच गोष्टी तपासलेल्या असतात : मोफत आहे का, सोपे आहे का, जलद आहे का. हे तिन्ही प्रश्न आजच्या दिवसापुरते आहेत. आपण त्यांत चौथा घालू : उद्या हे सॉफ्टवेअर बंद पडले, तर त्यात केलेले माझे काम मला उघडता येईल का?

२. मराठी टायपिंग

मराठी वापरकर्त्यांनी या प्रश्नाची सर्वाधिक किंमत टायपिंगमध्ये मोजली आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर केवळ डोळ्यांना दिसते. फाईलमध्ये साठवलेले असते ते इंग्रजी अक्षर. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाईप केला, तर संगणकाच्या लेखी ती ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे असतात. फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट काढून टाकला की मराठीही गेली. अशा फाईलमध्ये ‘मराठी’ हा शब्द युनिकोडमध्ये टाईप करून शोधला, तर तो सापडत नाही. शब्द अकारविल्हे लावता येत नाहीत. मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये नेला की त्याचा अर्थच हरवतो, कारण प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी होती.

युनिकोडमध्ये ही अडचण नाही. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरीला स्वतःची जागा आहे. ‘म’ या अक्षराला त्याचा स्वतःचा क्रमांक असतो आणि फॉन्ट बदलला तरी तो बदलत नाही.

मात्र जुन्या सॉफ्टवेअरला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा पुण्याच्याच सी-डॅकचे आयएसएम यांच्यामुळे मराठी छपाई संगणकावर आली. १९९८ मध्ये शेषाद्रिवासू चंद्रशेखरन यांनी कन्नडसाठी ‘बरहा’ तयार केले. पुढे त्यात मराठीसह इतर भारतीय भाषाही आल्या. सुरुवातीला ते मोफत होते, नंतर त्यासाठी पैसे मोजावे लागू लागले. पण जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेण्याची सोय बरहाने दिली, आणि आपल्या कसोटीवर ही गोष्ट महत्त्वाची ठरते. तेव्हा दुसरा सोपा मार्ग नव्हता, म्हणून त्या काळच्या लेखकाला दोष देता येत नाही. आज मार्ग असताना कोणी प्रकल्प-अहवाल कृतिदेवमध्येच मागत असेल, तर तो दोष आजचा आहे.

याच्या उलट उदाहरण गूगल इनपुट टूल्सचे आहे. विंडोजवर इंटरनेटशिवाय चालणारी त्याची आवृत्ती गूगलने डाऊनलोडसाठी देणे बंद केले. तरी तीत टाईप केलेली एक ओळही वाया गेली नाही, कारण मजकूर युनिकोडमध्ये होता. आता ती जुनी आवृत्ती अनोळखी ठिकाणांहून उतरवून घेणारे अनेक जण दिसतात. तसे करू नका. तुम्ही टाईप केलेले प्रत्येक अक्षर, पासवर्डसुद्धा, अशा सॉफ्टवेअरच्या हातून जाते.

मग पर्याय काय? इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्येच असतो. वेगळे काही उतरवावे लागत नाही. सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडली की पुरे. उच्चारानुसार टाईप करायचे असेल, तर २०१९ पासून विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिक कळफलकही आहे. कोणताही कळफलक स्वीकारण्यापूर्वी त्यावर ‘दऱ्या’ आणि ‘ॲप’ हे दोन शब्द टाईप करून पाहा. ‘दऱ्या’च्या जागी ‘दर्या’ उमटला, तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो! इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून ‘र’ची कळ दाबली की ‘ऱ’ मिळतो. इनस्क्रिप्ट शिकायला थोडे दिवस लागतात, सुरुवातीला हात अडखळतो, ही त्याची खरी उणीव आहे.

३. स्कॅनर ॲप

नोट्सचे फोटो काढून पीडीएफ करण्यासाठी कॅमस्कॅनर हे ॲप विद्यार्थ्यांमध्ये घरोघरी होते. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीतील जाहिरातींच्या भागात घातक कोड असल्याचे कॅस्परस्कीच्या संशोधकांना आढळले. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ज्या ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत कॅमस्कॅनर, शेअरइट आणि झेंडर ही तिन्ही होती.

बंदी योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय. आपल्यासाठी मुद्दा असा : ज्याने नोट्सच्या पीडीएफ फाईली स्वतःकडे उतरवून ठेवल्या होत्या, त्याचे काही बिघडले नाही. पीडीएफ हे २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि ते कोणत्याही वाचक-सॉफ्टवेअरमध्ये उघडते. ज्याचे सर्व काही ॲपमधल्या खात्यातच होते, त्याला धावपळ करणे भाग होते.

४. साफसफाईची सॉफ्टवेअर

‘संगणक हळू झाला? सीसीक्लीनर टाका’ हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. २०१७ च्या ऑगस्टमध्ये या सॉफ्टवेअरच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला. सप्टेंबरमध्ये ते उघड झाले, तोवर सुमारे २२.७ लाख वापरकर्त्यांपर्यंत ती आवृत्ती पोचली होती. लोकांनी ती खऱ्या ठिकाणाहूनच घेतली होती, चूक त्यांची नव्हती. पण तात्पुरत्या फाईली काढण्याचे काम विंडोज स्वतः करते. म्हणून ‘कोणते क्लीनर चांगले?’ यापेक्षा ‘क्लीनर हवेच का?’ असे विचारणे बरे. संगणकात जितकी सॉफ्टवेअर जास्त, तितक्या धोक्याच्या वाटा जास्त.

५. सेव्हन-झिप

इगोर पाव्हलोव्ह यांचे सेव्हन-झिप १९९९ पासून मोफत आणि मुक्तस्रोत आहे. जाहिरात नाही, खाते उघडावे लागत नाही. रूप मात्र जुनाट आहे, आणि ते स्वतःहून अद्ययावत होत नाही. सुरक्षेसाठी नवी आवृत्ती आपणच वेळोवेळी घ्यावी लागते. दुसऱ्याला फाईल पाठवताना त्यात साधा ‘झिप’ प्रकार निवडावा, म्हणजे समोरच्याला सेव्हन-झिप घ्यावे लागत नाही.

६. निष्कर्ष

सुरुवातीची तुलना फार ताणू नये. कितीतरी शिलालेख फुटले, बांधकामात गेले. किट्टय्याचा टिकला, म्हणून आपण त्याच्याविषयी बोलतो. टिकण्यात नशिबाचाही भाग असतो. तरी एक फरक उरतोच. दगडावरचे अक्षर वाचायला लिपीचे ज्ञान लागते, आणि ते कोणालाही मिळवता येते. कृतिदेवची फाईल वाचायला मात्र मजकुरापासून वेगळी असलेली एक वस्तू जवळ असावी लागते. म्हणून सॉफ्टवेअर कोणतेही वापरा, पण काम युनिकोड, पीडीएफ, झिप अशा सर्वांना खुल्या असलेल्या रूपातच ठेवा. तुमचा प्रबंध, आजीच्या आठवणी, गावाच्या इतिहासाची टिपणे मराठीत दुसरीकडे कोठेही लिहिलेली नसतील. ती हरवली, तर पुन्हा मिळणार नाहीत.

स्वाध्याय

१. तुमच्या फोनमधील पाच ॲप निवडा. प्रत्येक उद्या बंद पडले तर तुमचे काय जाईल, ते लिहा.
२. जुन्या फॉन्टमधील एक मराठी परिच्छेद मिळवून तो युनिकोडमध्ये बदला. ‘ऱ’, ‘ळ’ आणि जोडाक्षरे नीट आली का, ते मूळ छापील प्रतीशी ताडून पाहा.
३. ‘मोफत सॉफ्टवेअर नेहमीच स्वस्त पडते.’ या विधानाची वरील उदाहरणांच्या आधारे चर्चा करा.