दोघांची मोटार

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भाच्याने मला संगणकासमोर बसवले आणि एक जुना अमेरिकन चित्रपट लावून दिला. "मामा, यात गोष्ट अशी फारशी नाही, पण तुम्ही बघाच," तो म्हणाला. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला असे सांगणे म्हणजे हलवायाच्या पुढे बिनसाखरेचा लाडू ठेवण्यासारखे आहे. तरी बसलो. चित्रपटाचे नाव 'ल मां', साल १९७१, नायक स्टीव्ह मॅक्वीन. मोटारीतले मला काडीचे कळत नाही. आमच्या शाळेत सायकलीवरून जाणारा मीच एक मास्तर उरलो आहे. पण चित्रपट संपल्यावर मी तो पुन्हा पाहिला, आणि मग वर्षभर त्या शर्यतींविषयी मिळेल ते वाचत राहिलो. कारण भाच्याचे म्हणणे खरे नव्हते. गोष्ट होती. ती फक्त चुकीच्या माणसाला दिली होती.

आधी शर्यतीविषयी थोडे सांगायला हवे. फ्रान्समध्ये ल मां नावाचे गाव आहे. तिथे जून महिन्यात शनिवारी दुपारी मोटारी सुटतात आणि रविवारी दुपारपर्यंत, चोवीस तास, धावत राहतात. वाट साडेतेरा किलोमीटरांची, तिचा बराच भाग एरवीचा सार्वजनिक रस्ता. जी मोटार चोवीस तासांत सर्वांत जास्त अंतर कापील ती पहिली. एक माणूस एवढा वेळ चालवू शकत नाही, म्हणून त्या काळी प्रत्येक मोटारीला दोन चालक असत. एक उतरे, दुसरा बसे. पहिला कोपऱ्यात अंग टाके, कॉफी पिई, झोप येत नसली तरी डोळे मिटून पडे. म्हणजे जिंकले तर दोघे जिंकणार, आणि एकाने केलेली चूक दुसऱ्याला निस्तरावी लागणार. मला या शर्यतीतली खरी गंमत हीच वाटते.

१९७० साली प्रत्यक्ष शर्यत चालू असताना या चित्रपटाचे बरेच चित्रण झाले. जॉन स्टर्जेस हा नाणावलेला दिग्दर्शक काम मधेच टाकून निघून गेला आणि ली कॅट्झिन याने ते पुरे केले. नायकाची गोष्ट काय असावी यावर शेवटपर्यंत एकमत नव्हते असे म्हणतात, आणि ते पडद्यावर दिसतेही. पण त्यातूनच एक फार चांगली गोष्ट झाली आहे. पहिला अर्धा तास आणि वर काही मिनिटे या चित्रपटात पात्रे एकमेकांशी जवळजवळ बोलतच नाहीत. धुक्यातली सकाळ, तंबूंतून डोळे चोळत बाहेर येणारी माणसे, जत्रेतले पाळणे, ध्वनिक्षेपकावरून येणाऱ्या सूचना. मग मोटारींच्या रांगेत पट्ट्यांनी बांधून बसलेले चालक, आणि सुटण्याच्या क्षणाआधी ऐकू येणारे फक्त काळजाचे ठोके.

हे ज्याने केले त्याला काळ म्हणजे काय ते कळले होते. आमच्या कोकणात दशावतार रात्रभर चालतो. पोरेबाळे मध्यरात्री पेंगतात, पहाटे दचकून उठतात तो संकासुर गेलेला आणि दोन राजे अजून लढतच असतात. त्या झोपेसकट तो खेळ पाहिला असे आपण म्हणतो. 'ल मां' मधली रात्रही तशी आहे. पावसाने चकाकणारा रस्ता, धूसर होत जाणारे दिवे, आणि कंटाळा. हो, कंटाळादेखील. पुष्कळ टीकाकारांना तो दोष वाटला. मला वाटते, चोवीस तासांचे दोन तास करताना थोडा कंटाळा शिल्लक ठेवण्याचा प्रामाणिकपणा फार थोड्यांना साधतो.

मग माझी तक्रार कशाबद्दल? ती रिटरबद्दल आहे.

नायक डिलेनी गेल्या वर्षीच्या अपघाताची आठवण घेऊन आलेला आहे. त्या अपघातात दुसरा एक चालक मेला, आणि त्याची विधवा यंदाही तिथे आली आहे. डिलेनी दुसऱ्याच्या पेटत्या मोटारीकडे क्षणभर पाहतो आणि स्वतःची मोटार कठड्यावर घालून मोडून बसतो. त्याच संघात योहान रिटर नावाचा एक चालक आहे. तो बायकोला सांगतो की आता हे सोडावेसे वाटते. तिच्या चेहऱ्यावर जे उमटते ते या साऱ्या चित्रपटातले मला सर्वांत खरे वाटले. पण शेवटच्या टप्प्यात संघाचा व्यवस्थापक रिटरला बाजूला करतो, कारण त्याचा वेग कमी पडतो आहे, आणि त्याच्या मोटारीत डिलेनीला बसवतो. डिलेनी दुसरा येतो, सहकाऱ्याला पहिला येऊ देतो, टाळ्या होतात. रिटर आणि त्याची बायको कडेला राहतात. ज्याला घरी जावेसे वाटते तो हळू, आणि ज्याला घरच नाही तो वेगवान, असा हिशेब लेखकाने मांडला आहे.

आता ज्या शर्यतीत हे चित्रण झाले ती कोणी जिंकली पाहा. हान्स हेर्मान आणि रिचर्ड ॲटवुड यांनी, तांबड्या-पांढऱ्या पोर्शे मोटारीत. एक्कावन्न मोटारी सुटल्या होत्या. अखेर सातच क्रमांकात धरल्या गेल्या, इतका पाऊस आणि इतकी मोडतोड. पोर्शे कंपनीचा तिथला हा पहिलाच संपूर्ण विजय. हेर्मान तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. आदल्या वर्षी, १९६९ साली, चोवीस तास धावून तो शे-सव्वाशे मीटरांनी हरला होता. या वेळी त्याने बायकोला शब्द दिला होता की जिंकलो तर शर्यती सोडीन. तो जिंकला आणि त्याने सोडल्या.

म्हणजे बायकोला शब्द देणारा माणूस कॅमेऱ्यासमोरून चोवीस तास जात होता, आणि तो मंद नव्हता!

याहून मौज पुढेच आहे. शर्यत टिपण्यासाठी कॅमेरे बसवलेली एक पोर्शे मोटार शर्यतीतच उतरवली होती. फिल्म बदलण्यासाठी ती पुन्हा पुन्हा थांबे आणि पुन्हा धावे. तिचे दोन चालक जोनाथन विल्यम्स आणि हेर्बर्ट लिंगे. हा लिंगे मूळचा पोर्शेचा कारागीर. १९५४ साली इटलीतल्या मिल्ले मिलियात, म्हणजे उघड्या रस्त्यांवरच्या सोळाशे किलोमीटरांच्या शर्यतीत, तो हेर्मानच्या शेजारी बसला होता. वाटेत रेल्वेचे फाटक पडत होते, गाडी येत होती. थांबायला वेळ नव्हता. हेर्मानने लिंगेच्या शिरस्त्राणावर हात मारला, दोघांनी माना खाली घातल्या, आणि ती ठेंगणी मोटार फाटकाखालून निघून गेली. त्या वर्षी ते आपल्या वर्गात पहिले आले. सोळा वर्षांनी त्यांतला एक जण शर्यत जिंकत होता आणि दुसरा त्याच रस्त्यावर तिची चित्रे घेत होता. कादंबरीकाराने हे रचले असते तर संपादकांनी 'फार जुळवून आणले आहे' म्हणून परत पाठवले असते.

त्या वर्षीच्या युरोपातल्या शर्यतींची यादी मी वहीत उतरून घेतली आहे. ब्रँड्स हॅच आणि मोंझा इथे रॉड्रिगेझ व किनुनेन. सिसिलीतली तार्गा फ्लोरिओ, स्पा आणि ऑस्ट्रिया इथे सिफर्ट व रेडमन. न्युर्बुर्गरिंगवर एल्फर्ड व आरेन्स. ल मांला हेर्मान व ॲटवुड. सातही पोर्शेच्या. सगळी नावे जोडीने येतात, लग्नपत्रिकेत यावीत तशी. आणि खुद्द मॅक्वीन? त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत पायाला प्लास्टर असताना तो दुसरा आला, हे सर्वांच्या तोंडी आहे. त्या मोटारीत बहुतेक वेळ पीटर रेव्हसन बसला होता, हे मात्र शोधून काढावे लागते.

भाच्याने मग मला २०१९चा 'फोर्ड विरुद्ध फेरारी' दाखवला. तो कितीतरी अधिक रंगतो. संवाद खुसखुशीत, अभिनय उत्तम. पण १९६६च्या ल मांला केन माइल्सच्या मोटारीत अर्धी पाळी डेनी हल्म चालवत होता, पुढच्याच वर्षी जगज्जेता झालेला चालक. या चित्रपटात तो ओझरता दिसतो. निकालात अन्याय झाला असे मानले तर तो दोघांवर झाला. अश्रू मात्र एकट्याच्या वाट्याला. रंगत वाढवण्यासाठी इथे जोडीदारच खर्ची घातला आहे. त्या मानाने 'ल मां' ने रिटरला निदान चेहरा दिला, बायको दिली.

कोणी म्हणेल, मास्तर, कलाकृतीला वर्तमानपत्रातल्या निकालाची सक्ती कशाला? सक्ती नाहीच. रिटर हरला असता तरी मला चालले असते. त्याला सोडावेसे वाटते आहे, बसावेसेही वाटते आहे, आणि मोटार पिटमध्ये येत आहे. एवढ्यावर मी तीनशे पाने लिहिली असती. मी हे उगाच म्हणत नाही. माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक बाणेदार शिक्षक आहे आणि त्याचा एक संसारी सहकारी. नायक उंच दिसावा म्हणून त्या सहकाऱ्याला मी भित्रा केला. पुस्तक वाचून एका निवृत्त बाईंनी पत्र पाठवले होते: त्या दुसऱ्या सरांच्या घरी कोण आजारी होते ते तुम्ही विचारलेच नाही. त्या पत्राला उत्तर द्यायचे माझ्याकडून राहून गेले.

चित्रण चालू असताना डेव्हिड पायपर नावाच्या चालकाची मोटार आपटली आणि त्याला पायाचा खालचा भाग गमवावा लागला. चित्रपटाच्या नामावलीत त्याचे आभार मानले आहेत. ती अक्षरे येईपर्यंत उठू नका.