चित्राची मागची बाजू

बंगळूरच्या कस्तुरबा रस्त्यावर २०२३ साली उघडलेल्या ‘म्यूझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी’च्या संग्रहात चित्रकारांच्या कृतींबरोबरच सिनेमाची भित्तिपत्रके आणि जुन्या जाहिरातीही आहेत. एरवी रद्दीत गेले असते ते जतन होते, याचा आम्हांला आनंदच आहे. प्रश्न एवढाच की, नटाचे चित्र जपले म्हणजे नट जपला जातो काय?

या छंदाला व्यापाराने खतपाणी घातले. १८८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील तंबाखूच्या कंपन्या सिगारेटच्या पाकिटात नट्यांची चित्रे घालीत. पाकीट ताठ राही आणि गिऱ्हाईकही पुन्हा येई. त्यांतील कित्येकींची ओळख आज त्या पुठ्ठ्यापुरतीच उरली आहे.

आपल्याकडील बालगंधर्वांचे उदाहरण घ्यावे. ‘मानापमाना’तील (१९११) भामिनी आणि ‘स्वयंवरा’तील (१९१६) रुक्मिणी छायाचित्रांतून आजही भेटतात. त्यांत शालू दिसतो, दागिने दिसतात. गाणे दिसत नाही. परंतु गाणे ध्वनिमुद्रिकांत आहे, म्हणून चित्र एकाकी पडत नाही. अण्णा साळुंके यांची गोष्ट निराळी. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) ते तारामती झाले, ‘लंकादहना’त (१९१७) राम आणि सीता दोघेही तेच. मुळात मूकपट, आणि त्यातही ‘लंकादहना’चा थोडाच भाग आज शिल्लक आहे. अशा नटाचे एखादे चित्र हौसेची वस्तू राहत नाही. तो पुरावा ठरतो.

आणि पुराव्याला मागची बाजू असते. ऑस्कर वाइल्ड यांच्या एका छायाचित्राचा कर्ता छायाचित्रकार सॅरोनी हाच होय, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८४ साली मानले. बैठक, वेष, प्रकाश ही सारी कोणाची तरी रचना असते. हौशी संग्राहक मात्र चौकटीत बसावे म्हणून पुठ्ठा कापतो. त्याबरोबर छायाचित्रशाळेचे नाव, गाव आणि सालही जाते. उरतो नुसता चेहरा. त्याचा भाव वाढतो, अर्थ घटतो.

दर बदलीला ट्रंका बांधणाऱ्या आमच्या वाचकांना म्हणूनच एक विनंती. घरातला जुना आल्बम उघडावा. चित्रामागील मजकूर वहीत उतरून घ्यावा. आणि ‘हे कोणत्या नाटकातले?’ हे सांगणारे वडीलधारे माणूस घरात असेल, तर त्यास आजच विचारावे. पुठ्ठा टिकेल, सांगणारा टिकेलच असे नाही.