कुणाची ग तू?

आंग्र या फ्रेंच चित्रकाराचं 'तुर्की स्नानगृह' हे १८६२चं चित्र. गोल चौकटीत उघड्या बायकांची नुसती दाटी. आंग्र तुर्कस्तानात कधी गेलाच नव्हता. त्याने आधार घेतला लेडी मेरी माँटेग्यू या इंग्रज बाईच्या पत्रांचा. ती १७१७ मध्ये सोफियाच्या स्नानगृहात खरोखर गेली होती. तिथे बायका कॉफी पीत होत्या, हातातलं काम करत होत्या, गावभरच्या बातम्या सांगत होत्या. आपल्या पाणवठ्यासारखंच की! तिची आतली ताठ, आवळलेली चोळी बघून त्यांना वाटलं, हिला नवऱ्यानेच यात कोंडून ठेवलंय. चित्रात यातलं फारसं काही नाही. गप्पा गाळल्या, अंगं तेवढी ठेवली.

आमच्यातल्या कुणी म्हणतील, उघडं अंग काढलं म्हणून चित्र वाईट. मला ते पटत नाही. आम्ही दिगंबर मूर्तीपुढे रोज हात जोडतो. श्रवणबेळगोळच्या बाहुबलीकडे मान वर करून बघताना कोण लाजतं? त्याला बघणाऱ्याकडून काही नकोय. आंग्रच्या बायका मात्र बघणाऱ्यासाठीच मांडून ठेवल्यात.

आपल्याकडे बायकांची चित्रं वेगळ्या वाटेने आली. ऑटो रॉथफेल्ड या सनदी अधिकाऱ्याचं 'विमेन ऑफ इंडिया' हे पुस्तक १९२०च्या सुमारास मुंबईच्या तारापोरवालांनी काढलं. त्यातली चित्रं कोल्हापुरात जन्मलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांची. अंगभर कपडे, सगळं मर्यादशीर. पण चित्राखाली काय? जात, प्रांत, धंदा. अडतीवर तुरीचे नमुने मांडावेत तसं. आमच्या हुलसूरला अनोळखी बाई दिसली की पहिला प्रश्न, "कुणाची ग तू? माहेर कुठलं?" या चित्रांपुढे तो विचारून बघा. जात कळते, माहेर कळत नाही.

तरी धुरंधरांचा हात बघण्यासारखा आहे. निऱ्या कुठे खोचायच्या, पदर कुठून घ्यायचा, ओझं असलं की मान कशी धरायची, हे त्या माणसाला घरातून ठाऊक. त्यांच्या पुष्कळ बायका कुठेतरी निघालेल्या दिसतात, कामाच्या घाईत. आंग्रकडे कुणालाच काम नाही! रॉथफेल्डचा मजकूर बायकांच्या रूपाचा जातवार हिशेब मांडत बसतो. तो मी सरळ ओलांडते आणि चित्रांवर थांबते. पण धुरंधरांनी चौकट मोडली असं काही मी म्हणणार नाही. साहेबाला नमुने हवे होते, त्यांनी ते दिले. चांगले दिले, एवढंच.

त्यांची लेक अंबिका. तीही जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येच शिकली, चित्रकार झाली आणि पुढे तिने 'माझी स्मरणचित्रे' लिहिलं. रॉथफेल्डचं पुस्तक कुणाकडे मिळालं तर हेही सोबत मागून घ्या. आधी अंबिकाचं वाचा.