तुटलेला बाण आणि लग्नगडी

मासवणला सूर्या नदीच्या काठी काही विद्यार्थ्यांसमवेत मी अलीकडे ‘ब्रोकन ॲरो’ हा १९५० सालचा अमेरिकन चित्रपट पाहिला. मुलांत निम्मी वारली होती. गोऱ्यांच्या बंदुकीचा जयजयकार करणाऱ्या वेस्टर्न चित्रपटांच्या गर्दीत हा चित्रपट वेगळा मानला जातो. दिग्दर्शक डेल्मर डेव्ह्ज याने अपाचे आदिवासींना माणूस म्हणून दाखवले. टॉम जेफर्ड्‌स या गोऱ्या नायकाचे सोन्सीअरे या अपाचे मुलीवरचे प्रेम आणि त्यांचे लग्नही दाखवले. त्या काळात हे पुढचे पाऊल होते, हे मी नाकारीत नाही. परंतु प्रस्थापितांच्या सहानुभूतीची परीक्षा तिच्या हेतूवरून करायची नसते. त्या सहानुभूतीत शोषिताला जागा कोणती मिळते, हे पाहायचे असते.

चित्रपटाच्या आरंभीच नायक सांगून टाकतो की, यातले अपाचे आमच्या भाषेत बोलतील. म्हणजे वेदना त्यांची, जीभ यांची! अपाचे प्रमुख कोचीस झाला आहे जेफ चँडलर, सोन्सीअरे झाली आहे डेब्रा पॅजेट, दोघेही गोरे. नायक जेम्स स्टुअर्ट तेव्हा चाळिशी ओलांडलेला, आणि पॅजेट सोळाच्या आसपासची पोर. आमच्याविषयी कोण बोलणार, आणि कोणाच्या शब्दांत, हा दलित साहित्याने मांडलेला प्रश्न येथे जसाच्या तसा उभा राहतो.

लग्नानंतर थोड्याच काळात गोऱ्यांच्या दग्यात सोन्सीअरे मारली जाते. तिच्या मरणाने तहावर शिक्कामोर्तब झाले, असे नायक शेवटी सांगतो. तेव्हा एका वारली मुलीने मला विचारले, ‘‘सर, ती मेली नसती तर दोघं राहिली असती कुठं?’’

एवढ्या एका प्रश्नापुढे त्या चित्रपटाचा सारा उदारपणा उघडा पडतो. त्याच्याजवळ या प्रश्नाला उत्तर नाही, म्हणून तो तिला मारतो. जेफर्ड्‌स हा इतिहासातला खरा माणूस. कोचीसशी त्याची मैत्रीही खरी. सोन्सीअरे मात्र एलियट आर्नॉल्डच्या १९४७ सालच्या कादंबरीतून आलेली. आदिवासी स्त्री कल्पनेतून निर्माण करायची, तिच्यावर प्रेम करायचे आणि शांततेची किंमत म्हणून तिचाच बळी द्यायचा, ही कोणती शांतता?

आणि त्या तहाचे पुढे काय झाले, हे चित्रपट सांगत नाही. १८७२ साली अपाचेंना राखीव प्रदेश मिळाला. १८७४ साली कोचीस वारला, १८७६ साली तो प्रदेश काढून घेण्यात आला. १८८६ साली शेकडो अपाचेंना कैदी करून फ्लोरिडाला नेले. त्यांत सरकारच्या फौजेत वाटाडे म्हणून राबलेलेही होते. त्यांची सुटका व्हायला १९१३ साल उजाडले.

आपल्या भागातल्या वाचकाने हा चित्रपट पाहताना ‘लग्नगडी’ हा शब्द विसरता कामा नये. डहाणू, उंबरगाव, पालघर या पट्ट्यात वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेई आणि ते फेडण्यासाठी नवराबायको वर्षानुवर्षे त्याच्या घरी वेठीला राबत. लग्न म्हणजे गुलामीचा करार! येथे प्रीतीलाही सावकाराची परवानगी लागत होती. चंद्रप्रकाश आणि पांढरे घोडे दाखवून तो प्रश्न सुटणारा नव्हता. तो सुटू लागला १९४५ साली, वारल्यांनी लाल बावट्याखाली वेठ नाकारली तेव्हा. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ती हकिगत लिहिली. त्याही बाहेरूनच आलेल्या होत्या. पण त्यांच्या पुस्तकात जागा होणारा माणूस वारली आहे. बाहेरचा माणूस सोबत असणे हा दोष नव्हे. निर्णय त्याच्या हाती राहणे हा दोष आहे.

२००६ साली वनहक्काचा कायदा झाला, तरी ताब्यातल्या जमिनीचा पट्टा मिळवण्यासाठी आदिवासीला कचेरीचे उंबरे झिजवावे लागतात. दुसरीकडे रेल्वे, महामार्ग आणि बंदर यांच्या आखण्या त्याच्या दारापर्यंत आल्या आहेत. म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी हा चित्रपट मुलांना अवश्य दाखवावा. मात्र दिवे लागल्यावर तिने विचारलेला प्रश्न सर्वांपुढे ठेवावा: ती जगली असती, तर तिची जमीन कुठे होती?