राजा दीनदयाळ यांची छायाचित्रे आणि आपला इतिहास

मराठी इतिहाससंशोधनास कागदाचे प्रेम फार. बखर, कैफियत, महजर, मोडी रुमाल यांच्या एकेका ओळीवर आपल्या विद्वानांनी वर्षे खर्ची घातली. राजवाडे यांच्यासारख्या माणसाने गावोगावची दप्तरे धुंडाळली आणि त्या श्रमातून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' उभी राहिली. परंतु ज्या काळापासून कागदाच्या जोडीस छायाचित्र आले, त्या काळाकडे वळताच हीच शोधक दृष्टी एकाएकी मंद होते, असा आमचा अनुभव आहे. ग्रंथात छायाचित्र असते खरे, पण ते दोन प्रकरणांच्या मध्ये, शोभेसाठी. ते कोणी घेतले, कोणाच्या आज्ञेवरून, कोणत्या वर्षी, त्याखालील नाव कोणी लिहिले, या प्रश्नांची विचारणा क्वचितच होते. एखाद्या पत्राविषयी इतकी बेफिकिरी कोणी दाखविली असती, तर आमच्याच मंडळींनी त्यास धारेवर धरले असते.

छायाचित्रही कागदासारखे वाचावे लागते, हा मुद्दा नुसता सांगून पटण्याजोगा नाही. म्हणून एकच छायाचित्रकार घेऊन तो तपासून पाहणे बरे. राजा दीनदयाळ यांची निवड आम्ही सहज केलेली नाही. त्यांचे आयुष्य इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद व मुंबई या वाटेने गेले. बृहन्महाराष्ट्रातील मराठी वस्तीचीही हीच जुनी ठाणी होत. आपल्या शहरांचे जुने रूप आज ज्यांच्या डोळ्यांनी पाहिले जाते, त्यांपैकी ते एक प्रमुख आहेत.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मीरतजवळील सरधना येथे एका जैन कुटुंबात झाला. रुरकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते इंदुरास बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करण्याच्या कामावर रुजू झाले. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. तुकोजीराव होळकर (दुसरे) आणि मध्य हिंदुस्थानचे एजंट सर हेन्री डॅली यांचा आश्रय त्यांस लाभला. पुढे डॅलींच्या जागी आलेले सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर १८८२-८३ मध्ये त्यांनी या प्रदेशाचा दौरा केला आणि त्या दौऱ्यातील चित्रांचा ग्रंथ १८८६ साली लंडनहून प्रसिद्ध झाला. त्यानंतर व्हाइसरॉयचे छायाचित्रकार, सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार, १८९४ साली 'राजा मुसव्विर जंग' हा किताब, सिकंदराबाद व मुंबई येथील पेढ्या, असा हा चढता आलेख १९०५ साली मुंबईत त्यांच्या निधनाने संपतो. पदव्यांची ही यादी आम्ही मुद्दाम दिली आहे. प्रत्येक पदवीबरोबर कॅमेऱ्यासमोर काय येणार आणि काय येणार नाही, हेही ठरत गेले.

प्रथम गुण सांगितले पाहिजेत, कारण ते मोठे आहेत. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील मानमंदिराची त्यांची चित्रे घ्यावीत. मानसिंह तोमराने पंधराव्या शतकाच्या अखेरीस व सोळाव्याच्या आरंभी उभारलेला हा वाडा, त्याची सुमारे तीनशे फूट लांबीची पूर्वेकडील भिंत आणि तीवरील घुमटी बुरूज. ही भिंत सरळ समोरून घेतली असती तर ती केवळ भिंतच दिसली असती. दीनदयाळ कॅमेरा तिरपा व खाली ठेवतात. त्यामुळे बुरुजामागून बुरूज निघत जातो आणि खडक कोठे संपला व बांधकाम कोठे सुरू झाले याचा क्षणभर उलगडा होत नाही. सावली कोठे पडू द्यावी याचे ज्ञान त्यांस नकाशे काढताना झाले असावे, असे आम्हांस वाटते. खांब, कोनाडा, तोडी हे सारे मोजून घ्यावे इतके स्पष्ट असते. सांची, खजुराहो, ओरछा, दतिया, मांडू येथील त्यांच्या चित्रांतही हीच शिस्त आहे. ज्याने दगडाचा भार कागदावर मोजला आहे, त्याच्या हातचे हे काम होय.

मात्र याच भिंतीवर त्या कलेची मर्यादाही दिसते. मानमंदिराचे खरे वैभव त्याच्या रंगीत काचकामाच्या फरशांत आहे. निळ्या पट्टीवरून चालणारी बदके, हत्ती, केळीची झाडे, त्यांत मिसळलेला हिरवा व पिवळा. छायाचित्रात यांपैकी एकही रंग नाही, तपकिरी छटांची कमीजास्त खोली तेवढी आहे. त्या काळच्या काचपट्टीला निळा रंग फिकट आणि पिवळा काळपट दिसे. म्हणजे रंग नुसते गेले नाहीत, त्यांची उजळ-काळोखी उलटीही झाली. जो वाचक हे ध्यानी घेणार नाही, तो मूळ कारागिराच्या रंगयोजनेविषयी चुकीचा निष्कर्ष काढील.

ही मर्यादा साधनाची झाली. आमची खरी तक्रार निराळी आहे. ज्या वेळी दीनदयाळ ग्वाल्हेरचा किल्ला टिपीत होते, त्या वेळी तो शिंद्यांच्या ताब्यात नव्हता. जून १८५८ मध्ये तात्या टोपे, रावसाहेब व राणी लक्ष्मीबाई यांनी ग्वाल्हेर घेतले, जयाजीरावांची फौज त्यांस मिळाली आणि जयाजीराव आग्र्यास गेले. काही दिवसांतच सर ह्यू रोझची सेना आली, कोटा की सराय येथे राणी पडली, किल्ला इंग्रजांनी घेतला व तो पुढे अठ्ठावीस वर्षे सोडला नाही. जयाजीरावांस गादी परत मिळाली. किल्ला मात्र १८८६ साली मिळाला, आणि तोही झाशी शहर व झाशीचा किल्ला इंग्रजांस देऊन. ग्रिफिनचा ग्रंथ निघाला तेही हेच वर्ष. चोवीस वर्षांपूर्वी तोफांच्या आवाजाने दुमदुमलेली आणि त्या घडीस परकी पलटण बाळगणारी ही जागा ग्रंथात 'प्रसिद्ध वास्तू' म्हणून येते. शांत, रिकामी, प्राचीन. ग्रंथाचे नावच मध्य हिंदुस्थानातील प्रसिद्ध वास्तूंचे आहे, युद्धाचे नाही, हे खरे. तथापि राज्यकर्त्यास जिंकलेला किल्ला पुरातन अवशेष म्हणून पाहणे सोयीचे असते, आणि कॅमेऱ्याने ती सोय येथे उत्तम रीतीने केली आहे.

लष्करी भूतकाळ छायाचित्रांनी जपला असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय जपले गेले? १८५१ नंतर प्रचारात आलेल्या ओल्या काचपट्टीच्या पद्धतीत काचेवर लेप देणे, ती रसायनात बुडविणे, चित्र घेणे व धुणे हे सारे लेप ओला आहे तोवर, म्हणजे काही मिनिटांतच उरकावे लागे. त्यासाठी अंधारा तंबू बरोबर न्यावा लागे. धावता घोडा या काचेवर उमटतच नसे. म्हणून सत्तावन्नच्या युद्धाचे एकही चित्र युद्धाचे नाही, सारी चित्रे युद्धानंतरची आहेत. लखनौच्या सिकंदरबागेचे फेलिचे बेआतो याचे विख्यात चित्र पाहा. अंगणात हाडे विखुरलेली दिसतात. तेथील कत्तल नोव्हेंबर १८५७ ची, चित्र १८५८ च्या वसंतातले, आणि ती हाडे चित्रासाठी बाहेर काढून मांडली होती अशी साक्ष समकालीन आठवणींत मिळते. पराभवाची भीती पुढच्यांच्या मनात राहावी म्हणून रचलेला हा देखावा होय. त्यास इतिहासाचे साधन म्हणावे. पण ते कोणत्या गोष्टीचे साधन, हे आधी ठरवावे. उलट १८८५-८६ च्या हिवाळ्यात दिल्लीजवळ झालेल्या लष्करी कवायतींची दीनदयाळांची चित्रे पाहिली तर तेथे सैन्य, तोफा, अधिकारी सारे काही भरगच्च आहे. खरे युद्ध काचेवर आले नाही, लुटुपुटूचे मात्र नीट आले!

चेहऱ्याची ही तहान किती अनावर असते याचे उदाहरण आपल्याच डोळ्यांसमोर आहे. झाशीच्या राणीचे म्हणून एक छायाचित्र गेली कित्येक वर्षे वर्तमानपत्रांतून व शाळांच्या भिंतींवरून फिरत आहे. हॉफमन नावाच्या जर्मन छायाचित्रकाराने ते १८५० साली घेतले, असे त्याबरोबर सांगितले जाते. हॉफमन हे नाव ज्या जॉन्स्टन व हॉफमन पेढीमुळे प्रसिद्ध, ती कलकत्त्यास १८८० च्या सुमारास निघाली. राणी १८५८ साली गेली. शिक्षकांनी एवढी दोन वर्षे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली तरी पुरे. राणीचा पराक्रम त्या चित्रावाचून उणा होत नाही. परंतु दुसऱ्याच कोणा स्त्रीचा चेहरा तिचे नाव घेऊन वावरतो, आणि त्या अनामिक स्त्रीचे स्वतःचे नाव कायमचे पुसले जाते, हा अन्याय दुहेरी आहे.

नाव हाच या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. दीनदयाळांच्या अनेक छापांच्या खालच्या कडेस क्रमांक व इंग्रजी शीर्षक असते. व्हाइसरॉय, रेसिडेंट, निजाम, अमीर, शिकारीस आलेले पाहुणे यांची नावे तेथे मिळतात. निजामाच्या शिकारीत मेलेला वाघ मध्यभागी असतो, त्याच्या मागे नामांकित मंडळी, आणि कडेला हाकारे घालणारे. त्यांच्या वाट्यास नाव येत नाही. वाघाहून त्यांचा मान कमीच. हैदराबादेत १८९२ साली पडदानशीन स्त्रियांसाठी दीनदयाळांनी स्वतंत्र चित्रशाळा काढली व ती एका इंग्रज बाईच्या हाती दिली, ही गोष्ट त्यांच्या व्यवहारचातुर्याची तशीच शालीनतेचीही साक्ष देते. पण ती चित्रे घराण्यांपुरती होती. शतकाच्या अखेरीस औरंगाबादकडील दुष्काळी कामांची छायाचित्रे त्यांच्या पेढीने घेतली. तेथे आमचा मराठवाडा प्रथमच समोर उभा राहतो, आणि तो खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या माणसांच्या रूपाने. ती माणसे आमची भाषा बोलत होती. चित्राचा विषय मात्र त्यांची भूक नव्हे, राज्यकर्त्यांचा परोपकार आहे. तरीही आम्ही ही चित्रे दरबारी चित्रांच्या वर ठेवतो. शीर्षक कोणाच्याही सोयीचे असो, काच त्याची आज्ञा पुरती पाळत नाही. बरगड्या उमटायच्या त्या उमटतातच.

पलटणींचेही असेच. इंदुराजवळील महूची छावणी १८१८ च्या मंदसोर तहानंतर उभी राहिली आणि तेथे कोकणातून, देशावरून किती मराठी शिपाई आले याची गणती आमच्या वाङ्मयात नाही. सुभेदार रामजी सकपाळ त्याच छावणीत होते आणि १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. आंबेडकरांचा जन्म तेथेच झाला. पुढल्या एकदोन वर्षांतच महारांची लष्करभरती इंग्रजांनी बंद केली. त्या काळच्या पलटणींच्या समूहचित्रांत खुर्च्यांवर गोरे अधिकारी नावानिशी बसलेले असतात आणि मागे उभ्या रांगा 'नेटिव्ह' या एका शब्दात आटोपलेल्या. ज्या सैनिकी परंपरेस लौकरच दार बंद व्हायचे होते, तिचे चेहरे कोठे उरले असतील तर अशा रांगांत. ते शोधण्याचे काम बखरीने व्हायचे नाही.

यावर कोणी म्हणेल की एका नोकरदार छायाचित्रकारावर एवढा भार का टाकावा? आश्रयदाता सांगेल ते त्याने केले. हे म्हणणे आम्हांस अंशतः मान्य आहे. बखरकारही धन्यासाठीच लिहीत असे, आणि तरी त्याच्या बखरीतून आम्ही धन्यास न कळणाऱ्या पुष्कळ गोष्टी काढल्या. दीनदयाळांचा अधिकार याहून कमी नाही. त्यांच्या दोन हजार आठशे सत्तावन्न काचपट्ट्या १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या व आज त्या तेथे सुरक्षित आहेत. पण काच सुरक्षित ठेवणे आणि काच वाचणे ही दोन कामे आहेत. दुसऱ्या कामासाठी इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील स्थानिक माहिती लागते, आणि ती दिल्लीत नाही, आपल्या घरांत आहे.

ती झपाट्याने नाहीशीही होत आहे. इंदूरचा सात मजली राजवाडा १९८४ च्या दंगलीत जळाला. खालचे दगडी मजले टिकले, वरच्या लाकडी कामाचा मोठा भाग गेला. त्याची पुनर्बांधणी करणाऱ्यांस जुन्या छायाचित्रांचे मोल काय असते ते कोणी शिकविण्याची गरज नव्हती. घरातील माणसांच्या चित्रांस असा कोणी वाली नाही. जुन्या सरदारी, कारकुनी व शिक्षकी घराण्यांत पगडी घातलेल्या पुरुषांची, नऊवारी नेसून खुर्चीत अवघडून बसलेल्या बायकांची, तलवार मांडीवर घेतलेल्या कोणा काकांची चित्रे पेट्यांत पडून आहेत. ज्या आजीस त्यांतील प्रत्येकाचे नाव व नाते ठाऊक होते ती गेली की पेटी मुकी होते. मग ती जुन्या बाजारात जाते.

संस्थांनी प्रदर्शने भरविण्यापूर्वी एक साधे काम हाती घ्यावे, अशी आमची सूचना आहे. प्रत्येक शाळेने सुटीत विद्यार्थ्यांकडून घरच्या चित्रांची टिपणे करवून घ्यावीत : चित्रातील माणसे डावीकडून क्रमाने, त्यांची नाती, गाव, हुद्दा, पेढीचा शिक्का असल्यास तो, आणि ही माहिती कोणी सांगितली त्याचे नाव. निश्चित काय आणि ऐकीव काय ते वेगळे लिहावे. सुभेदार, जमादार, हवालदार यांची चित्रे असतील तेथे पलटणीचे नाव विचारल्यावाचून उठू नये. चित्राच्या पाठीवर लिहावयाचे झाल्यास शाई वापरू नये, ती कालांतराने पुढे उमटते. मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हात हलका ठेवून लिहावे.